चिंचवड ते खासबाग

शनिवारी रात्री चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आमचा प्रयोग संपला. फ्लॅट टेम्पोत चढले, लेव्हल चढल्या, दिव्यांचं सामान पेट्यांत गेलं. सगळे चहासाठी बाहेर पडत होते तेव्हा मिस्त्री रिकाम्या रंगमंचाच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. दोन्ही तळवे जरा पोकळ धरून त्यांनी एकच टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

कित्येक वर्षं मी त्यांना हे करताना बघतोय. ज्या नाट्यगृहात पहिल्यांदा किंवा फार दिवसांनी पाऊल पडेल तिथं एक टाळी. ती किती वेळ रेंगाळते, छताकडून परत येते की मागच्या भिंतीवरून, हे ऐकून ते नटांना सांगतात, ‘इथं वाक्य संपलं की श्वासभर थांबा, आवाज मागं राहतोय.’ आवाज एका सेकंदाच्या आसपास विरला तर संवाद स्वच्छ पोचतो. दोन सेकंद घुमत राहिला तर गाणं गोड लागतं, पण बोललेला शब्द पुढच्या शब्दावर सांडतो. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांत हे आकड्यांत मांडलेलं असतं. मिस्त्री ते तळहातानं मोजतात.

पेशानं ते पॅटर्नमेकर. भोसरीच्या फाउंड्रीत त्यांनी उभं आयुष्य लाकडाचे पॅटर्न करण्यात घालवलं, आणि आमच्या कामगारांच्या नाटकमंडळींचं नेपथ्यही तेच करतात. गाव कोल्हापूरजवळ. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी पहिलं नाटक पाहिलं ते केशवराव भोसले नाट्यगृहात, ज्याला त्यांच्या घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत ‘पॅलेस थेटर’च म्हणत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्यानंतर मिस्त्री दोनदा गावी जाऊन आले, पण त्या रस्त्याला वळले नाहीत. त्या शनिवारी चहा पिताना मात्र स्वतःहून म्हणाले, ‘काम सुरू हाय म्हणत्यात. उद्या जाऊया काय?’

आमच्या पट्ट्यातल्या माणसाला नाट्यगृहाचं एवढं काय, असं बाहेरच्याला वाटू शकेल. पिंपरी-चिंचवड म्हटलं की कारखाने आठवतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, टेल्को आणि बजाज आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढं कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. या मशिनांवर उभी राहिलेली माणसं आली ती सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा इथून, आणि येताना भजन, भारूड, जत्रेतलं नाटक घेऊन आली. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला तालमीला बसणारी मंडळी मी पाहिली आहेत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी त्यांना रंगमंच दिला. मग महापालिकेनं नाट्यगृहं बांधली: संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीकडचं निळू फुले यांच्या नावाचं, निगडी प्राधिकरणातलं गदिमांच्या नावाचं. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आमच्या शहरात भरलं. एवढं सगळं आहे, पण शंभर वर्षांचं नाट्यगृह आमच्याकडं नाही. जुनं म्हणजे काय, ते जपायचं कसं, हे शिकायचं तर आम्हाला माहेरीच जावं लागतं.

रविवारी पहाटे निघालो. कात्रज मागं टाकलं, खंबाटकीच्या पायथ्याशी उजाडलं. समोरून येणाऱ्या ट्रकांकडं मिस्त्री बोट दाखवत होते. ताडपत्रीखाली कच्चं कास्टिंग: ब्रेक ड्रम, हाउसिंग, फ्लायव्हील. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत ओतलेला माल याच रस्त्यानं पिंपरी-चिंचवड आणि चाकणला येतो, तिथं त्याचं मशिनिंग होतं आणि तो गाड्यांत बसतो. माणसंही याच रस्त्यानं वर आली आणि नाटकंही.

‘पॅटर्न म्हणजे नेमकं काय ते तुमच्या नाटकवाल्यांना कधी कळलंच न्हाई,’ मिस्त्री म्हणाले आणि साताऱ्यापर्यंत मला समजावत राहिले. जी वस्तू ओतायची तिची लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करायचा, पॅटर्न काढून घ्यायचा, त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पण पॅटर्न हुबेहूब मापाचा करून चालत नाही. बीड थंड होताना मीटरमागं सुमारे दहा मिलीमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित लांब. ‘कास्टिंग फुटलं तर रडायचं न्हाई. पॅटर्न नीट ठेवला असला की पुन्हा ओतता येतं. पॅटर्न हरवला की संपलं.’

कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर थांबलो आणि महामार्ग सोडून पलूसच्या अंगाला वळलो. किर्लोस्करवाडी बघायची होती. कारखान्यात काम करणाऱ्या आणि नाटक करणाऱ्या माणसाला या एका आडनावात दोन्ही घरं सापडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र बेळगावात बनवायला घेतलं. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये निवडुंग काढून तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहिली. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आणि हे लक्ष्मणराव, दोघांचं मूळ गाव एकच, बेळगाव भागातलं गुर्लहोसूर. अण्णासाहेबांचं ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव थिएटरात उभं राहिलं. ते थिएटर आज नाही. नाटक राहिलं, इमारत गेली, आणि तिची मापंही कुणी जपली नाहीत.

वाडीत मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या फाउंड्रीतल्या जुन्या लोकांकडून ती त्यांच्याकडं आली होती, आणि किर्लोस्करांच्या इतिहासातही ती आहे. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं, नांगर ओतणं थांबायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. ज्या राजानं हे केलं त्याच राजानं त्याच सुमारास पॅलेस थिएटर बांधून पुरं केलं. हे दोन निर्णय एकाच माणसाचे आहेत हे वाडीतल्या रस्त्यावर उभं राहून ध्यानात आलं, आणि मला कोल्हापूरला पोचायची घाई झाली.

पण सांगली चुकवून कसं चालेल? ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ सादर केलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन मानतो. त्या आधी कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते पाहून राजांनी भाव्यांना सांगितलं की असं काही आपल्या भाषेत करा. म्हणजे मराठी रंगभूमीचं बी कानडी मुलखातून वाऱ्यावर आलं आणि कृष्णाकाठी रुजलं. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि तिकीट लावून प्रयोग करू लागली. राजाश्रय संपल्यावर प्रेक्षकाच्या खिशावर नाटक उभं करण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या पुढं जीर्ण झाल्या, आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. मिस्त्रींना त्या बाहुल्यांविषयी फार कुतूहल होतं: सांधे कशाचे, दोऱ्या कुठून ओवलेल्या. शंभराव्या नाट्यसंमेलनाची मुहूर्तमेढ याच सांगलीत रोवली गेली होती.

विष्णुदास भावे नाट्यमंदिरात दुपारच्या वेळी कुणी नव्हतं. विनंती केल्यावर रखवालदारानं पाच मिनिटं आत सोडलं. मिस्त्रींनी टाळी वाजवली, ऐकली, आणि काही न बोलता हसले. रखवालदारही हसला. त्याला असले लोक बघायची सवय असावी.

हरिपूरला जाऊन आलो. सांगलीपासून काही मैलांवर, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हे गाव. चिंचेच्या झाडांमधून रस्ता जातो. इथं जमिनीखाली हळदीची पेवं होती, घागरीच्या आकाराचे खोल खड्डे. आतून कोरडी राहणारी इथली माती असल्यानं हळद त्यात वर्षानुवर्षं टिके, आणि त्या भरवशावर सांगलीचा हळदीचा बाजार देशभर नावाजला गेला. २००५ च्या महापुरात बरीच पेवं पाण्याखाली जाऊन खचली. गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. पैशासाठी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीवर त्यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणलं. त्यातली शारदा गाऊन गाजवणारा कोल्हापूरचा एक लहान मुलगा होता. वडील नव्हते, घरची गरिबी, म्हणून आईनं त्याला नाटक कंपनीत घातलं होतं. त्याचं नाव केशव विठ्ठल भोसले.

मिरजेत आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो. १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा तरुण इथंच किर्लोस्कर मंडळीत आला आणि शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. त्याच्या कानाचं दुखणं मिरजेच्या मिशन इस्पितळात दाखवायची व्यवस्था शाहू महाराजांनी केली होती. पुढचे बालगंधर्व ते हेच. पण आम्हाला थांबवलं ते सतारमेकर गल्लीनं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचे दांडे, आणि एक कारागीर जुना तंबोरा मांडीवर घेऊन बसलेला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, जाड सालीचे, खास वाद्यासाठी पिकवलेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तो तंबोरा उभा चिरला होता. मी सहज विचारलं, भोपळा नवा का नाही बसवत? कारागिरानं वर न बघता सांगितलं, ‘भोपळा बदलला की तंबोरा दुसराच होतो. मालकाला त्याचा आवाज पाहिजे, माझा नको.’ त्यानं चिरेच्या आतून पातळ लाकडी पट्टी चिकटवली होती, बाहेरून भेग भरून घासली होती, आणि आता तो जवारी लावत होता. घोडीचा माथा कानशीनं अगदी हलकेच घासायचा, तार छेडायची, तारेखालचा दोरा गव्हाभर पुढं-मागं सरकवायचा, पुन्हा छेडायची. पहिल्यांदा तार नुसती ठण्ण वाजत होती. वीसेक मिनिटांनी तिच्यातून एकदम मधमाश्यांसारखा गुंजारव उठला आणि गल्लीतला ट्रॅफिकचा आवाज जणू मागं सरला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. उठताना त्यांनी कारागिराच्या कानशीला हात लावून नमस्कार केला.

मिरज ते कोल्हापूर रस्त्यात मी त्यांना बायरॉइटविषयी सांगितलं. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशा जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. आमच्या पट्ट्यातल्या पुष्कळ लोकांचं जर्मनीला जाणं-येणं असतं. काही वर्षांपूर्वी एका मशिनच्या प्रशिक्षणासाठी मीही गेलो होतो, तेव्हा एका रविवारी बायरॉइट नावाच्या लहान शहरात जुनं ऑपेरागृह पाहिलं. तिथल्या संस्थानिकाची पत्नी विल्हेल्मिना हिनं ते १७४८ मध्ये पुरं करवलं. ती स्वतः संगीतरचना करायची. बाहेरून दगडी इमारत, आणि आत सगळं लाकडाचं: सज्जे, खांब, छत, त्यावर रंगवलेलं कापड ताणलेलं. दगडाच्या कवचात ठेवलेलं मोठं वाद्यच जणू. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, नंतर सुमारे पाच वर्षं बंद ठेवून दुरुस्त केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये उघडलं. मधल्या काळातल्या दुरुस्त्यांत चढलेले रंगांचे थर उतरवून अठराव्या शतकातले रंग वर आणले. मी आत बसलो तेव्हा पावणेतीनशे वर्षांपूर्वीची ती पेटी उजळ, हलकी, ताजी वाटत होती.

मग जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या थिएटरांचं सांगितलं. ड्रेस्डेनचं ऑपेरागृह १८६९ मध्ये आगीत गेलं, पुन्हा बांधलं, १३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ढासळलं. बरोबर चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९८५ रोजी, ते पुन्हा उघडलं. व्हेनिसचं ला फेनिचे १९९६ मध्ये जळालं तेव्हा तिथल्या लोकांनी जुनी घोषणा पुन्हा उचलली: जसं होतं तसं, जिथं होतं तिथं. २००३ च्या डिसेंबरात पडदा वर गेला.

मिस्त्री म्हणाले, ‘म्हंजे त्यांच्याकडं पॅटर्न हुता.’

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही खासबागेत पोचलो. इथला नकाशा आधी समजून घ्यायला हवा. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा त्यांचा आदेश २६ जुलै १९०२ चा, म्हणजे त्याच प्रवासातला. त्या दौऱ्यात रोमचं जुनं रिंगण पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली असं कोल्हापुरात सांगतात. खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं: मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती वर चढत जाणारी बैठक, कुठूनही पाहिलं तरी कुस्ती दिसावी. आणि त्याला पाठ लावून थिएटर. ९ ऑक्टोबर १९१३ रोजी बांधकामाला हात घातला आणि १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते पुरं झालं. एका बाजूला मल्ल, दुसऱ्या बाजूला नट, मध्ये भिंत. राजवाड्याच्या अंगणात चार मानकऱ्यांसाठी नाटक करून घेणं त्या काळात सोपं होतं. या राजानं कुस्ती आणि नाटक दोन्ही रयतेसाठी बांधीव जागेत आणलं, आणि दोन्हीकडं शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांचा आणि कानांचा विचार केला.

थिएटरात प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारा खांब नव्हता. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हाही नटाचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिथं काम केलेले नट अजून त्या आवाजाविषयी हळवेपणानं बोलतात. दगडी भिंती, लाकडी सज्जा, लाकडाचा रंगमंच. त्या काळात कोल्हापूरभर नाटकांचा धंदा होता: आनंदराव आणि बाबूराव पेंटर कंपन्यांचे पडदे रंगवत होते, आणि त्या पडद्यांतूनच बाबूराव पुढं सिनेमाकडं वळले.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचाच. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श मंडळी काढली. त्यांचा आवाज टिपेला जाऊन तिथंच थांबू शकायचा, असं जुन्या लेखांत वाचायला मिळतं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते. १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं.

आणि ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. रात्री आग लागली, रंगमंच, छत, आतलं लाकूडकाम सगळं गेलं, पाठीला असलेल्या खासबागेच्या व्यासपीठालाही झळ लागली. आत प्रेक्षक नव्हते, माणूस दगावला नाही, एवढंच नशीब. जयंतीच्या सकाळी कोल्हापूरचे कलावंत धुमसत्या भिंतींसमोर जमले. कितीतरी जण रडत होते. मागणी एकच होती, व्हेनिसच्या लोकांसारखीच: जसं होतं तसंच बांधा. सरकारनं पुनर्बांधणी जाहीर केली आणि काम सुरू झालं.

आम्ही गेलो तेव्हा भोवती पत्रे लावलेले होते आणि आत सोडत नव्हते. बाहेरूनच चालत एक फेरी मारली. दगडी भिंती उभ्या आहेत. काही दगडांवर काजळी आत मुरलेली दिसते, काही घासून स्वच्छ केलेले, काही नवे. नव्या दगडाची टाकी अजून करकरीत आहे, जुन्याच्या कडा शंभर पावसाळ्यांनी गोल केल्या आहेत. मिस्त्रींनी एका सांध्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘सांधा चांगला धरलाय.’ त्यांच्याकडून ही मोठी दाद.

मला इथं जे वाटतं ते सरळ लिहितो. ‘जसं होतं तसं’ ही मागणी योग्य आहे, पण ती नेमकी कशाविषयी हे ठरवावं लागेल. ज्या लाकडानं आवाज गोड केला तेच लाकूड जळालं. जे जपायचं ते म्हणजे आतली पोकळी: रंगमंचाच्या तोंडाची रुंदी-उंची, प्रेक्षागृहाचा उतार, सज्जाचा बाक, छताचा कल, आणि आवाज झेलणारे लाकडी पृष्ठभाग. तो भोपळा आहे, तो बदलला की थिएटर दुसरंच होतं. आणि जे खुशाल बदलावं ते म्हणजे डोळ्यांना न दिसणारं सगळं: वायरिंग, पाण्याचे फवारे, धुराची सूचना, नेपथ्याचं सामान ठेवायला वेगळी खोली. १८८१ मध्ये व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला आग लागून शेकडो माणसं मेली, त्यानंतर तिकडच्या थिएटरांत रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी पडदा सक्तीचा झाला. आग लागलीच तर ती रंगमंचावर अडावी म्हणून. आपल्याकडच्या किती नाट्यगृहांत तो आहे? बायरॉइटला मी बसलो त्या खुर्चीखालीही आधुनिक यंत्रणा होती, फक्त ती अठराव्या शतकाच्या मधे येत नव्हती.

दुसरी गोष्ट निगराणीची. आमच्याकडच्या एका नाट्यगृहात, नाव घेत नाही, ऐन प्रयोगाच्या दिवशी रंगपटात पाणी ठिबकत होतं आणि विंगेतल्या स्विचबोर्डाला हात लावायला आमचा प्रकाशयोजना करणारा मुलगा घाबरत होता. नाटक झालं, लोक टाळ्या वाजवून गेले. त्या बोर्डाची आठवण मला कोल्हापूरच्या काजळलेल्या दगडासमोर आली. पुण्यात बालगंधर्वांच्या हातून १९६२ मध्ये भूमिपूजन झालेलं आणि २६ जून १९६८ रोजी उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की दुरुस्त करायचं, यावर मध्यंतरी मोठा वाद झाला. मी दुरुस्तीच्या बाजूचा. पण दुरुस्ती म्हणजे दहा वर्षांतून एकदा रंग आणि नव्या खुर्च्या नव्हेत. दर महिन्याला कुणीतरी शिडी लावून छताच्या वर जाऊन बघितलं पाहिजे, आणि त्या माणसाचं नाव रजिस्टरात पाहिजे. आणि प्रत्येक नाट्यगृहाची तंतोतंत मापं, आजच्या लेझर यंत्रानं घेतलेली, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली हवीत. आमच्या पट्ट्यात हे यंत्र रोज वापरणारे हजारो लोक आहेत. एक रविवार दिला तर अत्रे रंगमंदिराचा पॅटर्न तयार होईल.

उन्हं उतरली होती. आम्ही खासबागेच्या बाजूला आलो. मैदानाच्या कडेला पाच-सहा पोरं जोर मारत होती, वस्ताद दगडावर बसून आकडे मोजत होता. तिथून थिएटरची पाठ दिसते. मिस्त्रींनी खिशातली छोटी डायरी काढली आणि भिंतीच्या कडेनं पावलं मोजत चालू लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओठ हलवत. आकडा लिहिला. परत फिरून पुन्हा मोजला आणि पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला.

‘काय मोजताय?’

‘रंगमंच केवढा हुता ते. माझ्या ध्यानात हाय तेवढा हाय का, ते बघतोय.’

मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात समोर आले, तळवे पोकळ झाले. मी वाट बघत होतो. त्यांनी हात तसेच खाली घेतले.

‘हितनं न्हाई,’ ते म्हणाले. ‘आत सोडतील तवा वाजवायची.’